कोन कोन येऊन राह्यलं?

मोर्चाचं, रस्ता रोकोचं किंवा नुसत्या सभेचं बोलावणं घेऊन कुणी आमच्या ओसरीवर आलं की माझे बाबा 'कशासाठी' असं कधीच विचारत नसत. आधी पाण्याचा गडवा पुढे सरकवायचे, मग तंबाखूची चंची सोडायचे, आणि चुना मळता मळता विचारायचे, "कोन कोन येऊन राह्यलं?"

समोरचा नावं घ्यायला लागायचा. बाबा ऐकत राहायचे. मध्येच एखाद्या नावाला म्हणायचे, "थो नाई येत, त्याची पोरगी बायतपनाले आली हाये." पाच-सहा नावं झाली, त्यात आमच्या सावडीवाल्या काकांचं नाव आलं, की तंबाखू ओठाखाली जायची आणि बाबा म्हणायचे, "मंग येतो."

शाळेत असताना मला याची लाज वाटायची. चळवळ म्हणजे काहीतरी पेटलेलं, डोळ्यांत अंगार असलेलं, असं माझ्या डोक्यात होतं. आणि आमचे बाबा लग्नाच्या वऱ्हाडात जायचं की नाही हे ठरवावं तसं आंदोलनात जायचं ठरवत होते. पुढे मी समाजशास्त्र घेतलं, नागपुरात एम.ए. केलं, आता तालुक्याच्या कॉलेजात 'सामाजिक चळवळी' हा पेपर शिकवते. फळ्यावर सिद्धांतांची नावं लिहिताना दरवर्षी बाबांची ती चंची आठवते.

आमचं गाव पांढरकवड्याच्या खाली, केळापूर तालुक्यात. दक्षिणेला पैनगंगा, तिच्या पल्याड आदिलाबाद, म्हणजे तेव्हाचं आंध्र. गावाजवळून जाणारा हायवे तेव्हा सात नंबरचा होता. ऐंशीच्या दशकात शेतकरी संघटनेचं वारं आमच्याकडे आलं ते याच रस्त्यानं. चाकणच्या कांद्यापासून सुरू झालेली गोष्ट विदर्भात कापसाला येऊन चिकटली. बाबांच्या सदऱ्यावर संघटनेचा लाल बिल्ला लागला. ज्या दिवशी रस्ता रोको होता त्या दिवशी गावातून बंड्या निघाल्या, जशा पोळ्याच्या बाजाराला निघतात तशाच. बायांनी भाकरी-ठेचा बांधून दिला. मी आणि माझा भाऊ हट्टानं बंडीत बसलो. हायवेवर ट्रकांची रांग, आमच्या बंड्या आडव्या, आणि 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा. मला त्यातला 'दाम' कळला नव्हता. पण सावडीवाले काका, ज्यांचा एक बैल आणि आमचा एक बैल मिळून जोडी व्हायची, ते बाबांच्या शेजारी रस्त्यावर मांडी घालून बसले होते, हे स्पष्ट आठवतं. दुपारी पोलिसांची गाडी आली तेव्हा बाबांनी आधी काकांकडे पाहिलं. काका उठले नाहीत. बाबाही उठले नाहीत.

एम.ए.ला पहिल्यांदा सापेक्ष वंचिततेचा सिद्धांत वाचला तेव्हा वाटलं, हा माणूस आमच्या नदीवर येऊन गेला असणार. टेड गरचं पुस्तक १९७० चं. त्याचं म्हणणं असं की माणूस नुसत्या गरिबीनं उठत नाही. आपल्याला जे मिळायला हवं असं वाटतं आणि जे प्रत्यक्षात मिळतं, त्यांच्यातली दरी त्याला उठवते. आमच्याकडे ही दरी डोळ्यांना दिसायची, तिच्यातून पाणी वाहायचं आणि तिचं नाव पैनगंगा होतं. राज्यात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस सरकारच्या केंद्रावरच घालायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. ज्या वर्षी पल्याड भाव जास्त असायचा त्या वर्षी बाजाराच्या दिवशी दुसरी चर्चाच नसायची. आपलाच सोयरा, तीच काळी माती, तीच पऱ्हाटी, आणि नदी ओलांडली की भाव वेगळा. रात्रीच्या अंधारात बंड्या नदीत उतरायच्या त्या का, हे मला खूप नंतर कळलं.

जेम्स डेव्हिस नावाच्या अभ्यासकानं १९६२ मध्ये याच विचाराला वेगळा आकार दिला होता. बरेच दिवस बरं चाललेलं असतं, त्याबरोबर अपेक्षाही चढत जातात, आणि मग अचानक उतार लागतो. त्या वळणावर उठाव होतात. त्याच्याही शंभर वर्षं आधी, १८५६ मध्ये, फ्रान्सच्या तोकव्हीलनं लिहून ठेवलं होतं की राजवट सर्वांत जाचक असते तेव्हा लोक उठत नाहीत, जाच जरा सैल झाला की उठतात. परीक्षेत हे सगळं मी भरभरून लिहिलं आणि चांगले मार्क मिळवले.

मग मी नोकरीला लागले, आणि मार्क मिळवून देणारं ते उत्तर गावानं खोडून काढलं.

२००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. पुढची तीन-चार वर्षं आमच्या भागाचं नाव रोज पेपरात येऊ लागलं, आणि ते कशासाठी येत होतं हे महाराष्ट्राला सांगायला नको. २००६ च्या जुलैत पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या सहांत आमचा यवतमाळ होता. वंचितता मोजायचं यंत्र असतं तर त्याचा काटा त्या वर्षांत मोडला असता. दरी होती, तुलना करायला टीव्ही घराघरात आला होता, डेव्हिसचा उतार तर कडेलोटासारखा होता. सिद्धांताप्रमाणे हायवेवर बंड्याच बंड्या दिसायला हव्या होत्या. जिल्ह्यात मोर्चे निघतच होते, पण आमच्या गावातून एकदाही बंडी निघाली नाही. माणसं आपापल्या घरात, आपापल्या वावरात, एकेकटी संपत होती.

का? हा प्रश्न मी कित्येक वर्षं वर्गात टाळला. सिद्धांत शिकवायचे, उदाहरण अमेरिकेचं द्यायचं. ते सोपं असतं.

उत्तराचा पहिला धागा बाबांनीच दिला, तोही न कळत. मी एकदा सुटीत गेले होते. गोठा रिकामा. बैल विकून तीन वर्षं झाली होती. आता तासाच्या हिशेबानं ट्रॅक्टर येतो, वावर उलटून जातो. मी सहज विचारलं, "सावडीवाले काका कसे आहेत?" बाबा म्हणाले, "असन बरा. भेट नाई झाली लय दिसाची." घर चार घरं सोडून.

सावड म्हणजे नुसती बैलांची देवघेव नव्हती. ज्याच्याशी सावड आहे त्याच्या घरी किती तूर झाली, कुणाकडून किती उचल घेतली, पोरीच्या लग्नाला काय लागलं, हे सगळं नांगराच्या तासाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाताना कळायचं. इर्जिक असायची, एखाद्याचं काम मागे पडलं की अख्खी आळी आपापले बैल घेऊन त्याच्या वावरात उतरायची आणि संध्याकाळी तो सगळ्यांना जेवू घालायचा. ट्रॅक्टर आला, इर्जिक गेली. बियाणं-खतं उधारीवर येऊ लागली, आणि प्रत्येकाचा कृषी केंद्रवाला वेगळा, वही वेगळी. कापसाचा भाव चव्हाट्यावरची गोष्ट होती, सगळ्यांना एकच. कर्ज मात्र प्रत्येकाचं वेगळं, आणि ते शेजाऱ्यापासून लपवायचं. जी गोष्ट लपवायची तिच्यासाठी रस्त्यावर कसं बसणार?

१९५९ मध्ये कॉर्नहाउझरनं मांडलं होतं की समाजापासून तुटलेली, एकटी पडलेली माणसंच चळवळींकडे ओढली जातात. वाचायला पटतं. पण नंतरच्या बहुतेक अभ्यासांनी याच्या अगदी उलट सांगितलं, आणि आमच्या गावानंही. एकटा पडलेला माणूस मोर्चात जात नाही. तो घरात जाऊन दार लावून घेतो.

दुसरा धागा दोष कुणाचा, याचा. स्नो आणि बेनफर्ड या दोघांनी ऐंशीच्या दशकात 'चौकट' नावाची कल्पना वापरली. त्यांच्या मते चळवळीला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: दुखतंय ते कशामुळे, त्यावर इलाज काय, आणि तुम्ही स्वतः का उठायचं. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी हे तिन्ही एका दमात सांगितलं होतं. स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेची नोकरी सोडून १९७६ मध्ये परत आलेला, आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतलेला हा माणूस आमच्या बाबांना सांगत होता की तुम्ही आळशी नाही, अडाणी नाही, उधळेही नाही. तुमच्या मालाला भाव मिळू नये असं धोरणच आहे. म्हणून इलाज एकच, भाव. बाबांसारख्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणी सांगितलं होतं की तुझं कर्ज ही तुझी चूक नाही. त्या लाल बिल्ल्यात जर काही जादू असेल तर ती एवढीच होती. २००४-०५ पर्यंत ते वाक्य गावातून पुसलं गेलं होतं. पुन्हा नशीब आलं होतं, आणि नशिबाच्या विरोधात रस्ता रोको करता येत नाही.

इथपर्यंत मी सिद्धांतवाल्यांकडे जरा वरच्या पायरीवरून पाहत होते. पुढची गोष्ट माझी आहे, आणि ती सांगताना ती पायरी उरत नाही.

आमच्या गावात देशी दारूचं परवान्याचं दुकान होतं. शाळेपासून हाकेच्या अंतरावर. महाराष्ट्रात असं दुकान बंद करायचा एक रस्ता आहे, आमच्याकडे त्याला 'आडवी बाटली' म्हणतात. गावातल्या पाव हिश्श्याइतक्या बायांनी मागणी केली, सह्या पडताळल्या गेल्या, की मतदान लागतं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. यातली मेख अशी की आडव्या बाटलीला मतं पडावी लागतात ती यादीतल्या एकूण बायांच्या निम्म्याहून जास्त. आलेल्यांच्या निम्म्याहून नाही, एकूण बायांच्या. म्हणजे जी आली नाही तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला. वेचणीला गेलेली, बाळंतपणाला गेलेली, मुंबईला कामाला गेलेली, आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी नांदायला गेलेली पण यादीत नाव तसंच राहिलेली, या सगळ्या जणी दुकानाच्या बाजूच्या.

आमच्या आईनं बचत गटातल्या बायांबरोबर सह्या गोळा केल्या. आई चौथी शिकलेली, गटाची सचिव, दोनशे पानी वहीत गोल गोल अक्षरात हिशेब ठेवणारी. मतदान लागलं नोव्हेंबरात, ऐन वेचणीत. माझं नाव गावच्या यादीतच होतं. नियमानं ते तालुक्याच्या यादीत जायला हवं होतं, पण ते कुणी केलं नव्हतं, मीही नाही. आईचा फोन आला, "येशीन ना व?" मी म्हटलं, "आई, पेपर तपासायचे आहेत ढीगभर. आणि एका मतानं काय होतंय?"

त्याच आठवड्यात मी वर्गात मॅन्कर ओल्सन शिकवत होते. १९६५ चं पुस्तक. त्याचा मुद्दा साधा पण बोचरा: फायदा जर सगळ्यांना वाटून मिळणार असेल तर शहाणा माणूस स्वतः कष्ट करत नाही, दुसऱ्यांना करू देतो आणि फळ आयतं खातो. म्हणून समान हित असूनही मोठे गट आपोआप एकत्र येत नाहीत. मी फळ्यावर 'फुकटा प्रवासी' असं लिहिलं, पोरं हसली. एसटीचं उदाहरण दिलं.

मतदान पडलं. चाळीसेक मतं कमी पडली. आलेल्या बायांनी जवळजवळ सगळ्यांनी आडवीच केली होती, फक्त पुरेशा आल्या नव्हत्या. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. एक दिवस बुडवायचा तो कशाला, बाकीच्या आहेतच की. चाळीस जणींनी हाच विचार केला असणार. मी एकेचाळिसावी.

आई मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढचा पोळा मात्र विसरता येत नाही. आखरावर तोरण बांधलेलं, बैल सजून उभे, कुणीतरी झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणत होतं. इतक्यात दुकानातून आलेला एक जण झोकांड्या देत पुढे गेला आणि मानाच्या बैलाच्या आधीच तोरणाला लटकला. तोरण तुटलं. बैल बिथरले, एक पोरगा खाली आला, त्याच्या पायावरून बैल गेला. बिनमानाचा पोळा फुटला. दुसऱ्या दिवशी ज्या पुरुषांनी आदल्या वर्षी 'बायायचं काय तरी चालू हाये' म्हणून हसण्यावारी नेलं होतं, तेच म्हणू लागले की आता बास, हे दुकान जायला पाहिजे.

नील स्मेल्सरनं १९६२ मध्ये जी पायऱ्यांची यादी दिली तिच्यात हे बसतं. आधी अनुकूल रचना हवी, मग ताण हवा, मग त्या ताणाबद्दल सगळ्यांची मिळून एक समजूत हवी, आणि मग एखादी ठिणगी. त्यानंतर जुळवाजुळव, आणि शेवटी सत्ता काय करते त्यावर सगळं. कारखान्यात लोखंडावर एकेक क्रिया होत जाऊन वस्तू बनते तसं काहीसं. यादी नीटस आहे, पण ठिणगी कशाला म्हणायचं हे कोण ठरवतं याबद्दल ती गप्प आहे. ते आई बोलली, भाकरी थापता थापता: "बाईचं डोस्कं फुटलं तवा गाव निजलं होतं. तोरन तुटलं तवा उठलं."

अमेरिकेतल्या माँटगोमेरीची गोष्ट मी तेव्हापासून वेगळी शिकवते. १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला आणि ३८१ दिवसांचा बहिष्कार घडला, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या नऊ महिने आधी, त्याच शहरात, क्लॉडेट कॉल्विन नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीनं हेच केलं होतं आणि तिलाही अटक झाली होती. तिच्यासाठी शहर थांबलं नाही. ती कुमारवयीन, गरीब वस्तीतली. पुढाऱ्यांना तिच्यामागे उभं राहणं जोखमीचं वाटलं. पार्क्सबाई कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेत वर्षानुवर्षं सचिव होत्या, गावात मान होता. त्यांना अटक झाली त्या रात्री एका कॉलेजातल्या प्राध्यापिकेनं, जो अ‍ॅन रॉबिन्सननं, हजारोंच्या संख्येनं पत्रकं छापून काढली. ती छापता आली कारण महिलांची संघटना आधीपासून होती, वाटता आली कारण चर्च होती. अल्डन मॉरिसनं १९८४ मध्ये हेच दाखवून दिलं, की लोकांना उत्स्फूर्त वाटणाऱ्या त्या लाटेखाली जुन्या विहिरी होत्या. ठिणगी कुठेही पडते. पण वाळलेलं गवत कुणाच्या अंगणात आहे आणि वारा कुणाच्या बाजूचा आहे, त्यावर आग ठरते.

आपल्याकडची चर्च म्हणजे भजनी मंडळं. चिमूरला १९४२ च्या १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, इंग्रजांविरुद्ध जो उठाव झाला तो पुस्तकात एका ओळीत येतो. पण त्याआधी त्या भागातल्या गावागावांत तुकडोजी महाराजांची खंजिरी वाजून गेली होती. जी माणसं रोज संध्याकाळी एका सतरंजीवर बसून एका तालावर टाळ्या देतात, त्यांना एकमेकांचा आवाज ओळखू येतो. अंधारातसुद्धा. ब्रिटिशांनी महाराजांना उचलून तुरुंगात टाकलं ते उगाच नाही.

तर, दुसरं मतदान. यावेळी आईनं आणि मोठमायनं ते उन्हाळ्यात लागेल असं पाहिलं, वेचणी नाही, निंदण नाही. आणि वही काढली. वहीत आळीवार नावं. प्रत्येक गटाच्या अध्यक्षीणबाईकडे तिच्या दहा जणी. कुणाची सून कुठे आहे, कुणाची पोरगी कुठे दिली आहे, तिचं नाव यादीत आहे का. लग्न होऊन गेलेल्या पोरींना निरोप गेले: माहेरी या. दिवाळीला येता तशा या, पण मतदानाच्या आधी या. दोन ऑटो भाड्यानं केले, बाकीच्या एसटीनं आल्या. मीही त्या ऑटोत होते, मांडीवर कुणाचं तरी लेकरू घेऊन.

कोलाम पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीवरच्या, बाया सगळ्यात आधी आल्या, पायी, सगळ्याच्या सगळ्या. पोडावर आदल्या रात्री बैठक झाली होती आणि ठरलं होतं. एकदा ठरल्यावर मागे कुणी राहत नाही. अँथनी ओबरशाल या अभ्यासकानं १९७३ मध्ये लिहिलं आहे की चळवळीत माणसं सुटी सुटी येत नाहीत, गठ्ठ्यानं येतात. पोडावरच्या म्हातारीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, यात लिहिण्यासारखं काय आहे?

दारोदार फिरताना आई बायांना दारूबंदीबद्दल काही सांगत नव्हती. दारू वाईट हे त्यांना कोण सांगणार? प्रत्येक दारात एकच प्रश्न यायचा, "कोन कोन येऊन राह्यली?" आणि आई वही उघडून नावं वाचायची. मार्क ग्रॅनोव्हेटरनं १९७८ मध्ये हेच गणितानं मांडलं होतं. समजा शंभर माणसं आहेत. एक जण कुणी नसलं तरी उठेल, दुसरा एक उठला तर उठेल, तिसरा दोन उठले तर, असं शंभरपर्यंत. साखळी लागते आणि सगळे उठतात. आता यातला फक्त दुसरा माणूस बदला, त्याला एकाऐवजी दोन जण लागत असतील असं धरा. पहिला एकटाच उठतो आणि एकटाच राहतो. दोन्ही गावांतली माणसं जवळपास सारखीच, राग सारखाच. एका गावात उठाव होतो, दुसऱ्यात एक वेडा रस्त्यावर ओरडत असतो. बाबांचा आकडा पाच-सहा होता, सावडीवाले काका धरून.

आणि माझा सगळ्यात आवडता अभ्यास डग मॅक्अ‍ॅडमचा. १९६४ च्या उन्हाळ्यात उत्तरेकडच्या कॉलेजांतली शेकडो पोरं-पोरी कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करायला मिसिसिपीत गेली. जीव जाण्याचा धोका होता, आणि मोहिमेच्या सुरुवातीलाच तिघांचे जीव गेलेही. मॅक्अ‍ॅडमला त्या पोरांचे मूळ अर्ज सापडले. काही जण अर्ज करून, निवड होऊनही गेले नव्हते. त्यानं दोन्ही गटांचे अर्ज शेजारी ठेवले. मतं सारखी, तळमळ सारखी, भाषा सारखी. फरक निघाला तो अर्जातल्या दुसऱ्याच माहितीत: जे गेले त्यांचे जवळचे मित्र पण जात होते. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बाबांना फोन लावला. काय बोलायचं ते सुचेना. "तब्येत कशी आहे" एवढंच विचारलं.

आडवी बाटली जिंकली. सव्वाशे मतं वर. रात्री आखरावर बाया फुगड्या खेळल्या.

इथे थांबले असते तर ही यशोगाथा झाली असती. पण चळवळीच्या जन्माइतकंच तिचं पुढचं आयुष्यही शिकवावं लागतं, पेपरात त्याला दहा मार्क असतात. आधी खदखद, मग एकत्र येणं, मग संघटनेची घडी, आणि मग ओसरणं. हर्बर्ट ब्लूमरपासून थोड्याफार फरकानं हेच टप्पे सांगितले जातात. दुकान गेल्यावर वर्षभर बाया रात्री गस्त घालत. मोटरसायकलवरून पव्वे येऊ लागले तर अडवत. मग समिती झाली. समितीला अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष. मग लेटरपॅड छापलं. माझं निरीक्षण असं की लेटरपॅड छापलं की गस्त थांबते. रोबेर्तो मिकेल्सनं १९११ मध्येच 'अल्पजनसत्तेचा पोलादी नियम' सांगितला होता, की संघटना कितीही लोकशाहीची असो, ती थोड्यांच्या हाती जातेच. आमच्या समितीच्या अध्यक्षीणबाईंना पुढच्या ग्रामपंचायतीला एका पॅनलनं तिकीट दिलं. त्या वाईट बाई नव्हत्या, आजही नाहीत. त्यांना मिटिंगा होत्या, बस. पव्वे परत आले, आता पानठेल्यातून.

मोठ्या नकाशावरही असंच दिसतं. त्याच चिमूरहून डिसेंबर २०१० मध्ये बाया दारूबंदी मागायला पायी नागपूरच्या अधिवेशनावर गेल्या होत्या. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी आली, आणि २०२१ मध्ये उठली. शेतकरी संघटनेतून १९९४ मध्ये पक्ष निघाला, फुटी झाल्या, आणि आमच्या घरी बाबांचा लाल बिल्ला आईच्या शिवणाच्या डब्यात गेला. पिवेन आणि क्लॉवर्ड यांनी १९७७ मध्ये तर स्पष्टच म्हटलं की गरिबांना जे मिळतं ते त्यांनी गोंधळ घातला तेव्हाच मिळतं, संघटना बांधत बसले की हातचं जातं. मला हे अर्धंच पटतं. वहीशिवाय दुसरं मतदान जिंकलं नसतं, आणि वही म्हणजे संघटनाच. लेटरपॅड आणि वही यांच्यात कुठेतरी एक रेघ आहे. ती नेमकी कुठे, हे मला अजून फळ्यावर काढता आलेलं नाही.

वर्टा टेलर नावाच्या अभ्यासिकेनं १९८९ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली होती: चळवळी मरतात असं आपल्याला वाटतं तेव्हा त्या पुष्कळदा सुप्त असतात. मूठभर माणसं नावं, पत्ते, जुने संबंध सांभाळून असतात. अमेरिकेतल्या स्त्रियांना १९२० मध्ये मताचा हक्क मिळाला, आणि साठच्या दशकात पुन्हा लाट उठली. मधली चाळीस वर्षं रिकामी नव्हती.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मागच्या दिवाळीत घरी गेले तर आई ओसरीवर चष्मा लावून बसलेली, पुढ्यात तीच दोनशे पानी वही. पुठ्ठा सुटलेला, चिकटपट्टी लावलेली. जुन्या मतदानाचं पान उघडं होतं. पहिल्या मतदानाच्या रकान्यात माझ्या नावापुढे टिंब, दुसऱ्या रकान्यात बरोबरची खूण. गेलेल्या बायांच्या नावांवर ती एक सरळ रेघ ओढत होती, अगदी हलक्या हातानं, नाव वाचता येईल अशी. मोठमायच्या नावावर रेघ ओढून ती क्षणभर थांबली.

"आई, आता कशाला हे?" मी विचारलं. "मतदान लागलंय का कशाचं?"

"नाई व."

"मग?"

तिनं पान उलटलं. खाली रिकाम्या ओळी होत्या. "पाटलाच्या वाड्याबाजूच्या घरची नवी सून आली हाये, अकोल्याकडची. नाव सांगतलं होतं तिनं, मह्या ध्यानात नाई राह्यलं." पेन माझ्या हातात देऊन ती चष्मा पुसू लागली. "जाय बरं, ईचारून ये. अन् मोबाईल नंबरबी घेऊन येजो."